दोनशे चौदा पेपर लोकांचे, एक मपला

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्यानं आत शिरलं की चांदपाशाचं गादीघर लागतं. दारात कापूस उडतो, आत मशीन घरघरतं, आणि वर पाटी: ‘गाद्या, रजया, तक्के, लोड शिवून मिळतील. जुना कापूस पिंजून मिळेल.’ पाटी रंगवली चांदपाशाच्या बायकोनं, हाजराबीनं. अक्षर असं की रस्त्यानं जाणाऱ्याला गादी नको असली तरी पाटी वाचून पुढं जावं. चांदपाशा म्हणायचा, “गिऱ्हाईक पाटी बघून येतंय आन भाव ऐकून जातंय.”

हाजराबी माहेरची रेणापूरची. बाप अर्जनवीस. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली लोखंडी पेटी टाकून बसायचा आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यायचा. शाळा सुटली की पोर बापाशेजारी जाऊन बसायची आणि पुढंपुढं तीच अर्ज लिहायला लागली. बापाचा दंडक एकच: “बोलणारा बोलंल तेच कागदावर. आपली अक्कल आपल्या खिशात.” म्हातारी म्हणाली, तलाठ्याच्या मेव्हण्यानं माझी म्हैस नेली, तर तसंच लिहायचं. ‘नेल्याचा संशय आहे’ असं आपल्या मनानं सारवायचं नाही. ही तालीम पोरीच्या हाडात गेली. बारावी झाली, कला शाखेतून, साठ टक्के घेऊन. मग लग्न, लातूर, गादीघर, दोन लेकरं. हात कापसात आणि अक्षर पाटीवर, एवढंच उरलं होतं.

आता ही बाई विद्यापीठाच्या परीक्षेत कशी शिरली ते ऐका.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना, दुपारचे साडेबारा. धोतरातला एक म्हातारा घामानं निथळत दुकानापुढं थांबला. गुंडप्पा त्याचं नाव, गाव मुरुडच्या अलीकडचं.

“ही पाटी कोनी लिवली?”

“कामून?” चांदपाशानं विचारलं. “माझ्या घरच्यांनी लिवली.”

“शिक्षण किती झालंय त्येंचं?”

“बारावी. पर मामा, तुमाला गादी पायजे का सोयरीक जुळवायची हाय?”

म्हातारा मटकन कापसाच्या ढिगावर बसला. त्याचा पुतण्या मृत्युंजय, जन्मापासून आंधळा, बीएच्या पहिल्या वर्षाला होता. आंधळ्या पोराला पेपरला रायटर मिळतो. पोरगं सांगतं, रायटर लिहितो. ठरलेल्या रायटरनं सकाळी फोन करून सांगितलं की मी पुण्याला निघालो. पेपर दोनला. आणि रायटर असा-तसा चालत नाही. त्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा एक पायरी खालीच पाहिजे, नाहीतर परीक्षा कुणाची आणि हुशारी कुणाची, कळायचं नाही. म्हातारा सकाळपासून गावभर बारावीवाला हुडकत होता आणि सापडले ते सगळे बीए नाहीतर नापास.

हाजराबीनं भिजवलेली डाळ तशीच झाकली, बुरखा चढवला आणि निघाली.

कॉलेजात खालच्या मजल्यावर एक वेगळी खोली होती. समोरासमोर दोन खुर्च्या. मृत्युंजय एकोणीस वर्षांचा, किडकिडीत, मान जराशी वर करून बसलेला. त्यानं पहिलंच विचारलं, “आपा, तुमचं अक्षर कसं हाय?”

“तुमाला काय करायचंय? तुमी थोडंच वाचणारे.”

पोरगं असं खदखदून हसलं की पर्यवेक्षक दारातून डोकावला. तिथून जी गाठ बसली ती सुटलीच नाही.

मृत्युंजयची तीन वर्षं झाली, तोवर दुसऱ्या आंधळ्या पोरांनी हाजराबीचं नाव काढलं. उदगीरचं एक पोरगं, किल्लारीची दोन भावंडं, मग अजून कोण कोण. मृत्युंजय नांदेडला विद्यापीठात एमएला गेला तेव्हा ही पहाटेची एसटी धरून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायची, पेपर लिहायची आणि संध्याकाळी येऊन चुलीपुढं बसायची. चांदपाशा भाऊबंदांत सांगायचा, “हमारी बेगम विद्यापीठात कामाला हाय. हुद्दा विचारू नका.”

दोनशे चौदा पेपर झाले. एका पेपरला डाग नाही. हा डाग नसणं काय असतं, त्याचा एकच किस्सा पुरे आहे.

मृत्युंजयचा इतिहासाचा पेपर होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं उत्तर सांगता सांगता तो बोलून गेला, ‘सतरा सप्टेंबर एकोणीसशे सत्तेचाळीस.’ आता मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की ते साल अठ्ठेचाळीस. दर वर्षी झेंडा चढतो. हाजराबीनं पेन क्षणभरही थांबवलं नाही, सत्तेचाळीस लिहिलं. बाहेर आल्यावर कॉलेजच्या फाटकापाशी मृत्युंजयनं कपाळावर हात मारला.

“आपा, मी सत्तेचाळीस म्हनलो का वो?”

“हाव.”

“तुमाला ठावं व्हतं?”

“हाव.”

“मंग सांगायचं न्हाई का? नुसतं खोकलं असतं तरी कळलं असतं मला!”

“पेपर तुमचा व्हता. मी अठ्ठेचाळीस केलं असतं तर ते मार्क कुनाचे झाले असते?”

मृत्युंजय काठी आपटत बसस्टँडापर्यंत चालला. तिथं रसाच्या गाड्यावर गेल्यावर म्हणाला, “दोन मार्क गेले, पर रायटर पावली.” पुढं तो नेट पास झाला, एका कॉलेजात मास्तर झाला, आणि वर्गात पहिल्या दिवशी हा किस्सा सांगायची त्याला सवयच लागली.

बीएचा इतिहास हाजराबीनं सात वेळा लिहिला, राज्यशास्त्र नऊ वेळा. गादीला टाके घालता घालता ती लेकीला मंत्रिमंडळाचे अधिकार सांगायची. लेक जिक्रा, कॉम्प्युटर शिकणारी, जिभेची तिखट, म्हणायची, “अम्मी, तुम्ही सात डाव बीए झाल्या आन डिग्री एकबी न्हाई. असं तर नेतेबी करत न्हाईत.”

मागच्या जूनमध्ये मृत्युंजय दुकानात आला, संगं लुंबिनी. ही मुरुडची, आंधळीच, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. तिचे पेपर तेव्हा हाजराबीच लिहायची. मृत्युंजय गादीवर टेकला आणि काठीची घडी घालत म्हणाला, “आपा, उद्यापास्नं अॅडमिशन सुरू व्हायलेत. तुमी बीएला नाव घाला.”

“येड लागलं का तुमाला? मी बीए झाले की बीएच्या पोरांचे पेपर लिहायला चालत न्हाई. एक पायरी खाली पायजे. मंग या लेकरांचं काय?”

“बीएला दुसऱ्या बारावीवाल्या मिळत्यात. तुमीच चार जनी तयार केल्यात. खरी अडचन एमएला हाय. त्येंना बारावीवाली रायटर मिळती आन तिला ‘सार्वभौमत्व’ म्हनलं की घाम फुटतो. तुमी एक पायरी चढा, आमची पोरं दोन चढतील.”

लुंबिनी म्हणाली, “मावशी, तुमी सांगा तर खरं. मी तुमचा पेपर लिहायला आले असते, पर मला दिसत न्हाई.”

दुकानात सगळे हसले. चांदपाशा मशीन बंद करून म्हणाला, “कर गे हाजरा. नाईतर लोक म्हनतील, पाशानं शिकू दिलं न्हाई. आन मी तर दुकानाच्या पाटीवर बीए लिवनार, गादीचा भाव वाढंल.”

कॉलेजच्या खिडकीत देविदास क्लार्क बसलेला. त्यानं कागद हातात घेतले आणि मागं जिक्राकडं बघून विचारलं, “लेकीचं अॅडमिशन व्हय?”

“न्हाई. मपलं.”

मपलं म्हणजे माझं, पण नुसतं माझं नाही. दुसऱ्या कुणाचं नाही असं माझं. आमच्या भागात लेकरू पहिल्यांदा वाटी ओढून घेतं ना, तेव्हा हाच शब्द म्हणतं.

देविदासनं चष्मा वर केला. “आपा, तुमी? या की, या! गॅप किती झाला?”

“तेवीस वर्षं.”

“तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागंल. शिक्षन कामून थांबलं त्येचं कारन लिवायचं. घरगुती अडचन लिवा, समदे तेच लिवत्यात.”

“अडचन कुठली? खरं कारन लिवते. विद्यापीठाचे पेपर लिहीत व्हते.”

देविदासच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. “बाई, तसं लिवलं तर ते कारन ऱ्हाईल का? गुन्हा व्हईल!”

शेवटी ‘घरगुती’वर मिटलं. पण ती सही करताना पुटपुटली, की आयुष्यात पहिल्यांदा मपल्या नावावर खोटं लिहिलं.

वर्गात पोरी अठराच्या, ही एकेचाळीसची. पहिल्या बाकावर बसायची. वही अशी की पोरी तिचे फोटो काढून न्यायच्या, कारण सर बोलतील ते सगळं तिच्यात असायचं. ‘हां तर’ असायचं, ‘मागचे लोक शांत बसा’ असायचं. एकदा सरांनी शिकवता शिकवता तिला उठवलं आणि विचारलं, “निजामाच्या काळात गावगाड्याचं काय झालं असंल? तुम्हाला काय वाटतं?”

“मला?” हाजराबी भांबावली. “तुमी सांगा की सर, मी लिहिते.”

वर्ग हसला, तीही हसली. पण घरी जाताना तोच प्रश्न ती मनात परत परत वाचत गेली. चौदा वर्षांत तिला प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. प्रश्न ती वाचून दाखवायची. उत्तर समोरून यायचं. तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मनाशी म्हणाली, पेपरला बसू, हात चालंल. हाताला सवय आहे.

हिवाळ्यात परीक्षा लागली. पहिला पेपर इतिहासाचा. चाळीस मार्क, दोन तास. सकाळी मृत्युंजयचा फोन आला: “आपा, आज कुनाचं ऐकू नका.” हाजराबी कॉलेजात शिरली आणि पाय आपोआप खालच्या मजल्यावरच्या त्या खोलीकडं वळले. शिपाई ओरडला, “ओ आपा, आज तितं न्हाई, वर! आज तुमी गिऱ्हाईक!”

वर मोठ्या हॉलमध्ये साठ बाकं. पुढच्या बाकावर एक पोरगी, मागं एक पोरगं. घंटा झाली, प्रश्नपत्रिका हातात आली आणि हाजराबीनं सवयीनं मोठ्यांदा वाचायला घेतली. “प्रश्न पहिला. हैदराबाद संस्थानातील ग्रामीण उद्योगधंद्यांची माहिती लिहा. मार्क पंधरा…”

“ओ बाई! मनात वाचा!” पर्यवेक्षक म्हणजे पंचविशीतली एक मॅडम, नवी होती, हाजराबीला ओळखत नव्हती.

तिनं मनात वाचलं. पेनाचं टोपण काढलं. कागदावर पेन टेकवलं आणि वाट बघत बसली.

कशाची वाट? तिचं तिलाच कळत नव्हतं. उत्तर येत नव्हतं असं नाही. सात वेळा लिहिलेला प्रश्न. पण हात हलेना. हाताला चौदा वर्षं एकच हुकूम ठाऊक: कानात पडंल ते लिहायचं. कानात काही पडत नव्हतं. पंधरा मिनिटं गेली. घामानं पेन निसटायला लागलं. बैलाला कासरा ओढल्याशिवाय पुढं जायची सवय नसावी, तसं झालं.

मग तिनं स्वतःच स्वतःला सांगायला घेतलं, हळू, ओठातल्या ओठात: “हैदराबाद संस्थानात खेड्यापाड्यांत लई धंदे व्हते…” आणि हात चालला! कानात पडलं की हात चालतोय. तिनं अजून एक वाक्य पुटपुटलं, हातानं ते लिहिलं. चार ओळी झाल्या. जिवात जीव आला. नादात आवाज कधी चढला ते कळलं नाही.

आणि पुढच्या बाकावरची पोरगी मान खाली घालून भराभरा लिहायला लागली. हाजराबी थांबली की तीही थांबायची. हाजराबी बोलली की तिचं पेन पळायचं.

मॅडम तरातरा आल्या. दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघितले. चारी ओळी सारख्या.

“तुम्ही हिला सांगून राहिल्यात! एवढं वय झालं, लाज वाटत नाही?”

“मी मलाच सांगत व्हते, मॅडम.”

“स्वतःला कोण सांगतं? पुन्हा ओठ हलले तर कॉपीकेस करीन.” हाजराबीला उचलून शेवटच्या बाकावर भिंतीकडं नेऊन बसवलं. साठ डोकी वळून बघायला लागली. दोनशे चौदा पेपरांत ज्या बाईनं एका अंकाची चोरी केली नाही, तिच्यावर पहिल्याच स्वतःच्या पेपरला हा ठपका. घड्याळात बघितलं तर तास संपत आला होता.

उठून जावं असं तिच्या मनात आलं. बुरखा सावरलासुद्धा. आणि तेवढ्यात कानात आवाज आला. मृत्युंजयचा. खराच, जसाच्या तसा. कारण हाच प्रश्न त्यानं बीएला सांगितला होता आणि त्याला त्याचे पैकीच्या पैकी पडले होते. ‘प्रस्तावना. हैदराबाद संस्थान हे कृषिप्रधान संस्थान होते. मुद्दा पहिला, सुतारकाम…’ शब्दन् शब्द. सहा मुद्दे, शेवटी समारोप. ना ओठ हलवायचे, ना घाम गाळायचा. हातानं तर लिहायलाही घेतलं: ‘प्रस्तावना.’

तिथं ती थांबली. हे उत्तर मृत्युंजयचं. त्याच्या रात्री, त्याचं पाठांतर, त्याचे मार्क. दुसऱ्याच्या पेपरात आपलं एक अक्षर घातलं नाही, आणि आपल्या पेपरात दुसऱ्याचं अख्खं उत्तर घालायचं? मॅडम म्हणाल्या तेच खरं होईल की मग. तिनं ‘प्रस्तावना’वर आडवी रेघ मारली.

ओढणीचं टोक दातात धरलं. कापूस पिंजताना बाया धरतात तसं, तोंडात भुगा जाऊ नये म्हणून. दातांत कापड असलं की ओठ हलत नाहीत. डोळे मिटले. आणि मनात, त्या खालच्या खोलीत समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं: प्रश्न पहिला. बोला हाजराबी, तुमाला काय वाटतं?

 मग समोरची खुर्ची बोलायला लागली.

ती सुतारा-लोहारावर बोललीच नाही. ती बोलली तिच्या सासूच्या सासऱ्याबद्दल, जो खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचा. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य. सुगी झाली की पिंजारी निघायचा. वेशीत शिरताना तो पिंजणाची तात, म्हणजे त्या धनुष्याची दोरी, छेडायचा, आणि ते ‘तुंय तुंय’ ऐकून बाया जुन्या गाद्या उन्हात टाकायच्या. आरोळी मारायची गरज पडायची नाही. एका गावात आठ दिवस मुक्काम, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर. मजुरी ज्वारीत. पिंजारी मुसलमान, ओटा मारुतीचा, ज्वारी पाटलाची, गादी साऱ्या गावाची. त्यात कुणाला नवल वाटायचं नाही. सासूनं तिला हे कापूस निवडता निवडता सांगितलं होतं. कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कुणीच तिला पेपरात सांगितलं नव्हतं.

पुढं? ती मनात विचारायची, आणि पुढचं यायचं. हात पळत होता. दुसरा प्रश्न झाला. तिसऱ्या प्रश्नात गिरण्या आल्या. पिंजण भिंतीला टांगलं गेलं, म्हातारा मग गिरणीत कामाला जातो म्हणाला, आणि गिरणीच्या फाटकावर पहिल्याच दिवशी…

घंटा झाली.

मॅडम पेपर ओढायला आल्या. हाजराबीनं वर बघितलं, दातातली ओढणी तशीच. “आसं कसं? आजून चाळीस मिनटं हायेत की!”

“कुठली चाळीस मिनिटं?”

मग तिच्या ध्यानात आलं. आंधळ्या पोरांना तासाला वीस मिनिटं जास्तीची मिळतात. चौदा वर्षं तिचं घड्याळ त्यांच्यासंगं चाललेलं. डोळसांना दोन तास म्हणजे दोनच तास. तिनं पेपर दिला. वाक्य अर्धंच राहिलं.

खाली फाटकावर मॅडमना देविदास भेटला. त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या पेपरला मॅडम हाजराबीच्या बाकापाशी आल्या, उगंच प्रश्नपत्रिका सरळ केली आणि म्हणाल्या, “ओढणी धरा हो दातात. माझी हरकत नाही.”

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास. इतिहासात चाळीसपैकी बावीस. जिक्रानं मोबाइलवर मार्क दाखवले तेव्हा चांदपाशा चिडला.

“बावीस? मृत्युंजयला तू पस्तीस पाडून दिले व्हते!”

“त्याचे त्यानं पाडले. मी नुसतं लिवलं.” आणि बाई लेकीच्या हातातला मोबाइल घेऊन तो बावीसचा आकडा दोन बोटांनी मोठा करून करून बघत बसली. कुणी थट्टा केली तर म्हणायची, “बावीस हायेत, पर उसने न्हाईत.”

मृत्युंजयनं त्याच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले. लोक म्हणाले, सर, कुणाला नोकरी लागली? तो म्हणाला, “माझ्या रायटरला बावीस पडले.” कुणाला काही कळलं नाही, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

आणि मग हाजराबी परत कॉलेजच्या खिडकीत गेली. नांदेडला अर्ज केला की विद्यापीठ आपल्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स देतं, हे तिला ठाऊक होतं. मार्क कमी पडलेली पोरं मागवतात.

देविदास म्हणाला, “फेरतपासनी करायचीय व्हय? करा. दोन-चार वाढत्यात कवा कवा.”

“वाढवायचे न्हाईत. वाचायचंय.”

“तुमीच लिवलंय की वो आपा!”

“लिवलं मी लई, देविदासभाऊ. सांगितलं पयल्यांदा. काय सांगितलं ते बगायचंय.”

महिन्यानं झेरॉक्स आली. जिक्रानं मोबाइलवरून छापून आणली, बारा पानं. दुपारची वेळ होती. दुकानात मुरुडकडचा व्यंकटी नावाचा एक गिऱ्हाईक बसला होता. पोरीच्या लग्नातली गादी, दोन तासांत पाहिजे म्हणून घाई करत होता. हाजराबीनं चांदपाशाला सांगितलं, मशीन बंद करा. मग कापसाच्या गठ्ठ्यावर बसून तिनं वाचायला घेतलं, पेपर वाचून दाखवायच्या त्या ठणठणीत आवाजात. वर परीक्षकाच्या लाल खुणा होत्या. एका ठिकाणी त्यानं ‘मुद्दे कुठे?’ असं लिहिलं होतं, आणि तीन पानांपुढं, पिंजणाच्या आवाजापाशी, नुसतीच एक बरोबरची खूण, जरा मोठी.

“ह्ये तू लिवलं?” चांदपाशानं विचारलं. “मपल्या अम्माचं?”

“ह्ये मी सांगितलं,” हाजराबी म्हणाली आणि पान उलटलं.

व्यंकटी मधेच म्हणाला, “आसंच व्हतं बगा. आमच्या आज्ज्याच्या ओट्यावर यायचा एक. त्याला आमी पिंजारीकाका म्हनायचो.”

“दमा, ऐकू द्या,” चांदपाशानं त्याला गप्प केलं.

शेवटचं पान आलं. म्हातारा गिरणीच्या फाटकावर गेला, आणि तिथं वाक्य तुटलं. हाजराबी थांबली.

“पुढं?” व्यंकटीनं विचारलं.

“पुढं घंटी झाली.”

“घंटी झाली म्हंजी? फाटकावर काय झालं त्येचं?”

हाजराबीनं कागद मांडीवर उपडे ठेवले, ओढणी नीट केली आणि फाटकावर काय झालं ते सांगायला लागली. चांदपाशा कापसावर हनुवटी टेकून ऐकत राहिला. शेजारचा चहावाला कप घेऊन आला तो तसाच उभा राहिला. ती सांगत होती, कुठं थांबत नव्हती, कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हती.

व्यंकटीची गादी त्या दिवशी दिवेलागणीला मिळाली. त्यानं कुरकुर केली नाही.